बोलीवर आणलेली लेन्स

सांडूच्या आधीची दोन लेकरं पाचवी पुजायच्या आतच गेली. तिसऱ्याच्या वेळेला म्हातारीनं काय केलं, बाळंतिणीला न सांगता लेकरू सुपात घातलं, उकिरड्यावर नेऊन ठेवलं, अन् शेजारच्या बाईनं ‘कुणाचं तरी सांडलेलं दिसतंय’ म्हणत उचलून परत आणलं. नाव पडलं सांडू. फुलंब्रीच्या बाजूला असे सांडू, कचरू गावागणिक चार निघतात. टाकून दिलेल्या मालाला यम हात लावत नाही, असा समज. सांडूच्या बाबतीत तो खरा ठरला म्हणायचा, कारण गडी आज सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि सर्दीपलीकडं त्याला कधी काही झालेलं नाही.

बाप धोंडिबा हेडी होता. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला मधला माणूस. घेणाऱ्याला बैल दाखवायचा अन् विकणाऱ्याला गिऱ्हाईक. दर गुरुवारी छावणीच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदे करायचा. ती बोटांची भाषा त्यानं सांडूला शिकवली, बैलाचे दात बघायला शिकवलं, खूर तपासायला शिकवलं. पण गावोगाव ट्रॅक्टर आले, धंदा बसला, अन् सांडू शहरात आला. मुकुंदवाडीत आप्पासाहेबांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता. तिथं आधी लाइट धरला, मग कॅमेरा हातात आला, आणि बावीस वर्षं झाली तरी तो तिथं दोन नंबरचाच कॅमेरावाला राहिला.

एक नंबरवाला स्टेजवर चढतो, नवरा-नवरीला वळवतो, हसवतो, अक्षता टाकणाऱ्यांना थांबवतो. दोन नंबरवाल्यानं मांडवाच्या खांबाला पाठ लावायची अन् लांबच्या लेन्सनं माणसं टिपायची. नवरीची आई रडायला लागली, टिप. रुसलेला मामा गुलाबजाम खाताना सापडला, टिप. कुणाच्या मधी यायचं नाही, कुणाला दिसायचं नाही. सांडू त्यात इतका मुरला की शेवटच्या पंगतीला कुणीतरी आठवण करून द्यावी लागे, हा बी आपल्यातलाच हाय, ह्याला बसवा जेवायला.

रुंद लेन्स त्यानं एकदाच लावली होती. चिकलठाण्याकडच्या एका कार्यालयात हॉल लहान अन् खानदान मोठं, सत्तर माणसं एका फोटोत बसवायची. आप्पासाहेबांच्या कपाटातली रुंद लेन्स लावली, सत्तरच्या सत्तर बसली. पण रुंद लेन्सची एक खोड असते, कडेला जे येतं ते आडवं ताणतं. आणि कडेला नेमकी उभी होती नवऱ्याची आत्या. बाई आधीच अंगानं भरलेली, त्यात आहेराच्या साडीवरून रुसून बाजूला सरकलेली. अल्बम घरी गेला तेव्हा तिनं स्वतःला पाहिलं अन् अल्बम फरशीवर आपटला म्हणतात. त्या दिवसापासून आप्पासाहेबांनी लेन्स कपाटात कोंबली आणि सांडूला ताकीद दिली, पुन्हा ही बला मांडवात दिसली नाही पाहिजे.

सांडूचा जीव मात्र मांडवात नव्हताच. लग्न कन्नडकडं असो का सोयगावकडं, पंगती उठेपर्यंत दीड-दोन तास मोकळे मिळत. तेवढ्यात हा कॅमेरा गळ्यात घालून कार्यालयामागच्या टेकडीवर. पण जवळ होती ती लांबची लेन्स. तिच्यातून एक सुळका दिसायचा, एक बाभळ दिसायची, फार तर दरीतला एखादा बगळा. डोंगर उभाच्या उभा, दरीसकट, आभाळासकट कधी मावलाच नाही. घरी लॅपटॉपमध्ये असे डोंगराचे तुकडे शेकड्यांनी पडलेले. बायको कौसाबाई म्हणायची, खाटकाच्या दुकानावानी डोंगर मांडून ठेवलाय.

भाद्रपदातल्या एका शुक्रवारी त्याला तनुजाताईंचा फोन आला. ही बाई शहरात सहली काढते. वेरूळ-अजिंठा सगळेच दाखवतात, ही आडबाजूचे किल्ले, घाट, पडके दरवाजे दाखवते. भावाच्या लग्नात तिनं सांडूला पंगत सोडून टेकडीवर चढताना पाहिलं होतं अन् नंबर घेऊन ठेवला होता. तिचं म्हणणं सरळ होतं. अंतूरच्या किल्ल्याची तीन मिनिटांची फिल्म, पुढच्याच्या पुढच्या सोमवारी हातात. पसंत पडली तर वर्षभरात अठरा ठिकाणांचं काम. अट एकच, बघणाऱ्याला आपण तिथं उभे आहोत असं वाटलं पाहिजे. आणि तिनं हेही झाकून ठेवलं नाही की सत्यम नावाच्या एका ड्रोनवाल्याला पण तिनं हेच सांगितलंय. दोघांतला एक.

दिवस दहा. सांडूनं फोन ठेवला अन् बराच वेळ दारातल्या पायरीवर बसून राहिला. पक्षपंधरवडा चालू, लग्नं बंद. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की पुन्हा खांब. हे काम हुकलं तर सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरा असा फोन येणार नव्हता, एवढं त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लेन्स लागणार होती. कपाटातली ती बला आप्पासाहेब मांडवाबाहेरच्या कामाला देणार नव्हते. रुंद, एकच, आणि ऐपतीतली. कौसाबाईनं फ्रीज बदलायला म्हणून वीस हजार बाजूला टाकले होते, ते तिनं काढून दिले. एवढंच म्हणाली की थंड पाणी माठातलं बी प्यायला येतं.

दुसऱ्या दिवशी तो आधी आप्पासाहेबांकडं गेला. विचारायला नाही, सांगायला. पण बावीस वर्षांची सवय, सांगता सांगता विचारून बसला. आप्पासाहेब माणूस वाईट नाही, पण त्याच्या लेखी जग म्हणजे मांडव. त्यानं सल्ला दिला की घ्यायची तर सोळा-पस्तीस मिलिमीटरची मोठी लेन्स घे, जुनी का होईना.

“नुसती हातात धरली ना सांडू, तरी समोरचा माणूस चार पावलं मागं सरतो. वजन पाह्यजे रे वस्तूला. वजन नाय तिला मान नाय.”

तिथून सांडू सिटी चौकात मुख्तारभाईकडं आला. मुख्तारभाईचं दुकान म्हणजे बोळातली एक फळी अन् मागं काचेचं कपाट. बिघडलेले कॅमेरे दुरुस्त करतो, वापरलेल्या लेन्सा विकतो. शहरातल्या निम्म्या स्टुडिओंचा माल त्याच्या हाताखालून गेलेला. सांडूनं सोळा-पस्तीसचं नाव काढलं तसं त्यानं सांडूचाच कॅमेरा हातात घेतला, लेन्स काढून आतलं लहानसं चौकोनी पान, म्हणजे सेन्सर, दाखवलं. ज्या कॅमेऱ्याचं हे पान लहान, त्याला मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स लावली की कडा कापल्या जातात. जिच्यासाठी पैसा मोजायचा ती रुंदीच बाहेर राहते.

“मियाँ, ये नवाब की पगडी है. तुम्हारे कॅमेरे का सर छोटा,” मुख्तारभाई म्हणाला. “पगडी बैठेगी, मगर आँखों पे.”

मग त्यानं दोन लेन्सा काढून फळीवर ठेवल्या. दोन्ही लहान पानाच्या कॅमेऱ्यासाठीच बनलेल्या. एक अकरा-सोळा, काळीभोर, धातूची, नारळासारखी हातात भरणारी; कमी उजेडात तिची नजर तेज. दुसरी दहा-अठरा, प्लास्टिकची, आमटीच्या वाटीएवढी; अंधारात अधू, पण हात हलला तर तो हादरा झेलायची आत सोय असलेली. पहिली दुसरीच्या जवळजवळ दुप्पट महाग. मुख्तारभाई कोणती घे असं म्हणाला नाही. तो कधीच म्हणत नाही.

सांडूनं दोन्ही उजेडाला धरून आत बुरशी बघितली, कडी फिरवून बघितली, काचेवर फुंकर मारून वाफ कशी उडते ते बघितलं. आणि मग फळीवर हात टेकून म्हणाला,

“बैल घेताना चार दिस औताला जुंपून बघत्यात. खोट निघाली तर माघारी. मी बी तसंच घेईन. बोलीवर.”

दुकानात असं चालत नाही, हे मुख्तारभाईनं तीनदा सांगितलं. सांडू हलला नाही. चौथ्यांदा सांगता सांगता मुख्तारभाई हसला, कारण त्याचा बाप पण छावणीच्याच बाजारात बकऱ्या विकायचा. त्यानं गळ्यातला रुमाल काढला, सांडूच्या हातावर टाकला अन् खालून बोटं धरली. दोन्ही लेन्सांचे भाव तिथंच ठरले. शेजारचा घड्याळवाला मान लांब करून बसला होता, त्याला काही कळलं नाही. बोली अशी की लेन्स एका वेळी एकच न्यायची, आठवडाभर जुंपायची, ओरखडा पडला तर बैल घेणाऱ्याच्या दावणीला.

आता हेड्याच्या पोरानं जी चूक करू नये तीच सांडूनं केली. शिंगं बघून बैल उचलला. अकरा-सोळा हातात घेतली, तिचं वजन मनगटात उतरलं अन् त्याला आप्पासाहेबाचं बोलणं पटलं. बावीस वर्षं ज्यानं खांबाला पाठ लावून काढली, त्याला एकदा तरी समोरच्यानं चार पावलं मागं सरावं असं वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

रविवारी पहाटे तो एकटाच मोटारसायकलवर निघाला. कन्नडवरून नागापूर, तिथून पुढं पठाराची वाट. डोंगरानं पुढं सोंड काढलेली अन् त्या सोंडेवर अंतूर बसलेला. दिवसभर त्यानं शूटिंग केलं, अन् दिवसभर लेन्सनं त्याला पिडलं. चालताना कॅमेरा हलू नये म्हणून हातात धरायचा गिंबल त्याच्याकडं होता, साधाच, दोन वर्षं वापरलेला. पुढचं तोंड जड झाल्यावर तो नंदीबैलासारखा मान खाली घालायला लागला, अन् तासाभरात त्याची मोटर तापून थरथरायला लागली. व्हिडिओ चालू असताना लेन्स नजर जुळवायची ती कर्र कर्र आवाज करत, अन् तो आवाज वाऱ्यासकट आत रेकॉर्ड. सूर्य जरा समोर आला की चित्रावर जांभळ्या टिकल्या. हे सगळं सांडूनं सोसलं असतं. पण संध्याकाळी घरी लॅपटॉपवर पाहिलं तर मुद्दाच बुडालेला. किल्ला होता, दरी होती, आभाळ होतं, सगळं एका चौकटीत मावलं होतं, आणि सगळं इवलंसं. डोंगराचं वारूळ झालं होतं.

कौसाबाईनं मागून डोकावून विचारलं, किल्ला कुठाय यात. सांडूनं बोट लावून दाखवला. ती बरं म्हणाली अन् भाकरी थापायला गेली. ते ‘बरं’ त्याला आप्पासाहेबाच्या शंभर बोलण्यांपेक्षा जास्त लागलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच तो बोळात उभा. माल माघारी, खोट हाय, असं म्हणून त्यानं लेन्स फळीवर ठेवली. मुख्तारभाईनं आधी ओरखडा तपासला, मग म्हणाला दाखव काय झालंय ते. पेन ड्राइव्ह लावून दोघांनी बघितलं. मुख्तारभाईनं मधेमधे थांबवून आवाज ऐकला, जांभळ्या टिकल्या बघितल्या, अन् ही खोट कबूल केली. गिंबलला वजन झेपत नाही हेही कबूल केलं. पण वारुळाशी येऊन तो थांबला.

“डोंगर छोटा दिसरा, वो लेन्स का कसूर नहीं,” तो म्हणाला. “तुम किधर खडे थे?”

सांडूनं सांगितलं, मागच्या उंच टेपावर, सगळं दिसावं म्हणून.

“हौ. लगन में जैसे खडे रहते, वैसे. सांडूभाई, ये लेन्स दूर के आदमी की हैच नहीं. तुम्हारी जिंदगी खंबे को लग के गई. उसकू पास जाना होना.”

सांडूची कानशिलं तापली. बावीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी बरं म्हटलं नव्हतं, पण आत्याबाई सोडली तर वाईटही कुणी म्हटलं नव्हतं. त्याच्या तोंडाशी आलं की तू दुकानात बसून किल्ले शिकवू नको. पण हेड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला एक कळतं, पारख करणाऱ्यावर चिडून बैलाचे दात वाढत नाहीत. त्यानं दहा-अठरा उचलली, कॅमेऱ्याला लावली, अन् निघाला. मागनं मुख्तारभाई ओरडला की काचेवर लावायची काळी फिल्टर पण ने, उन्हात व्हिडिओला लागते, ती फुकट. ती घ्यायला मात्र तो परत फिरला.

कौसाबाईनं नवी लेन्स पाहिली.

“ही कामून मिठाच्या डबीच्या झाकणावानी हाय?”

“झाकन तर झाकन. तोलते नीट.”

अन् खरंच तोलली. गिंबलवर कॅमेरा बसवला तर तराजूचं पारडं थांबावं तसा थांबला. आवाज नाही, थरथर नाही. मंगळवार-बुधवार त्यानं तो राहतो त्या पडेगावच्या गल्ल्यांतून चालत काढले. नळावरच्या घागरी, टपरीवरचा कप, उभ्या ट्रॅक्टरचं चाक. जवळ जायचं ठरवून निघायचा, पण पाय आपसूक चार हातांवर थबकायचे. कुणी बघितलं की पाठ भिंत शोधायची. बावीस वर्षांची सवय, ती काय दोन दिवसांत सुटते.

गुरुवारी सकाळी म्हणून तो छावणीच्या बाजारात गेला. तिथं त्याला भीड नव्हती. लहानपणी बैलांच्या पोटाखालून पळालेला माणूस. एका लाल कंधारी बैलापुढं बसला अन् कॅमेरा त्याच्या नाकाशी नेला. चार हातांवर बैल बैलासारखा दिसला. दोन हातांवर जनावर अंगावर आल्यासारखं झालं. दीड हातावर नेलं तेव्हा नाकपुड्या, त्यांवरचं दव, वर गेलेली शिंगं, अन् मागं सगळा बाजार, पालं, माणसं, कडूलिंब, आभाळ, सगळं एका चौकटीत, आणि बैल त्या सगळ्याचा मालक असल्यासारखा. सांडू तसाच गुडघ्यावर बसून राहिला. बैलानं जीभ काढून फिल्टर चाटली. बैलवाल्याचं लक्ष गेलं. कचरूनाना म्हणून जुना हेडी, धोंडिबाच्या बरोबरीचा, काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“धोंडिबाचं ना तू? आरं, बैल पारखायचा आस्तो. मुका घेत्यात का त्याचा?”

आजूबाजूचे हसले. सगळा बाजार त्याच्याकडं बघत होता अन् त्याला मागं सरावं असं वाटलं नाही. त्यानं फिल्टर शर्टाच्या टोकाला पुसली अन् पुढच्या बैलाकडं सरकला. दुपारपर्यंत त्यानं तीस-चाळीस जनावरं केली, मग शिंगं रंगवणारे हात, मग चहा ओतणारी बाई, तिची परवानगी घेऊन. दीड हात. बुटाएवढी वस्तू असली तरी चालते, पण पुढ्यात काहीतरी जवळचं पाहिजे. ते जवळचं मोठं दिसतं अन् त्याच्या आधारानं मागचं लांबचं लांब दिसतं. नुसतं लांबचं धरलं की त्याला कुणी वाली नसतो.

शुक्रवार पावसानं खाल्ला. शनिवार उरला, कारण रविवार कापायला-जोडायला पाहिजे होता. किल्ल्यात चालणारं एक माणूस लागणार, म्हणून तो गल्लीतल्या कुणाला तरी सांगायचं म्हणत होता. कौसाबाई म्हणाली, डबा मीच करायचा, पाणी मीच उचलायचं, मग चालायला दुसरं कशाला. पायात ती कामाला जाते त्या कंपनीचे बूट घातले अन् गाडीवर मागं बसली.

नागापूरच्या पुढं वाट चिखलानं रबरबली होती. दोनदा गाडी ढकलली. सोंडेच्या तोंडाशी, जिथं कातळ खोदून किल्ला पठारापासून तोडलाय, तिथं सांडूनं पहिली चौकट लावली. पोटावर झोपला, ओल्या गवतात. तेरड्याचं एक झुडूप कॅमेऱ्यापासून वीतभर, त्याच्या वरून वाट, वाटेवर कौसाबाई, अन् तिच्यामागं तटबंदी उठलेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर त्यानं बघितलं. वारूळ नव्हतं. तट अंगावर येत होता. कौसाबाईला त्यानं वाटेच्या मधोमध चालायला सांगितलं, कडेला सरकू नको म्हणाला. तिनं कारण विचारलं तर आत्याबाईची गोष्ट सांगावी लागली. ती एवढी हसली की पहिली दोन शूटिंगं त्यातच गेली.

अडलं ते दरवाज्यात. आतला वळणाचा बोळ काळाकुट्ट, अन् ही लेन्स अंधारात अधू. कॅमेऱ्याची ताकद वाढवली तर चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे. अकरा-सोळा असती तर इथं काम झालं असतं, हे त्याला कळत होतं. त्यानं बोळाच्या भिंतीवर हात ठेवून बघितलं, वरच्या फटी बघितल्या, सूर्य कुठं जाईल ते बोटांनी मोजलं. दुपार कलली की उन्हाची पट्टी आत शिरेल, असं त्याला वाटलं. मग तो बसला. साडेबाराला डबा खाल्ला. दोन वाजले, ढग आले. तीन वाजले, ढग तिथंच. कौसाबाई उंबऱ्यावर टेकून म्हणाली, मुहूर्ताला असं ताटकळत ठेवलं असतं तर वऱ्हाड माघारी गेलं असतं. अंधाराच्या आत गाडी डांबरी रस्त्याला लागली पाहिजे, हेही तिनं सांगितलं.

“उजेड आल्याबिगर हालायचं नाय,” सांडू म्हणाला.

साडेतीनला ढगाची कड फाटली. उन्हाची पट्टी बोळात शिरली, आधी भिंतीच्या पायाशी, मग दगडावर चढत चढत आली. सांडू आधीच जागेवर, कॅमेरा फरशीपासून वीतभर, पुढ्यात झिजलेला उंबरा. कौसाबाई उजेडात आली, गेली. पुन्हा आली, गेली. तिसऱ्यांदा ती कॅमेऱ्याकडं बघून चालली, म्हणून चौथ्यांदा. चौथ्यांदा ती इतकी दमली होती की कॅमेरा-बिमेरा विसरून, पदर कमरेला खोचून, शेतातून घरी निघाल्यासारखी चालली. तेच घेतलं. पंधरा मिनिटांत पट्टी निघून गेली. तळ्याच्या काठी अजून एक चौकट बाकी होती, ती त्यानं पळत जाऊन गुडघाभर पाण्यात उतरून केली. तिथून उत्तरेला खानदेशाचं मैदान पसरलेलं, पाण्यात त्याचं आभाळ, अन् पुढ्यात पाण्यावर तरंगणारं एक वाळकं पान.

सोमवारी तनुजाताईंच्या ऑफिसात सत्यम पण होता. त्याची फिल्म आधी लागली. सुरेख होती. किल्ला वरून असा दिसला की घारीनं बघावा. सांडूनं मनापासून बघितली. मग सांडूची लागली. तीन मिनिटं संपली तशा तनुजाताई पुन्हा लावा म्हणाल्या. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी तेरड्याच्या जागी हात थोडा पुढं केला, गवत बाजूला सारावं तसा, अन् मग स्वतःच मागं घेतला.

पण बाई धंद्याची होती. दरवाज्यातला तुकडा थांबवून म्हणाली की इथं कडांना काळपट दिसतंय, अठरापैकी निम्मी ठिकाणं अशीच, लेणी, भुयारं, बोळ. तिथं या लेन्सनं कसं करणार. जास्त उजेडाची एखादी भारी लेन्स का नाही घेतली?

सांडूनं खरं ते सांगितलं. “ती बी जुंपून बघितली, ताई. माझ्या गिंबलला झेपत नाय अन् माझ्या ऐपतीला बी. हिला अंधार सोसत नाय, तर मी उजेड येस्तोवर थांबतो. परवा तीन तास थांबलो. पुढं दिसभर थांबीन. तुमचा एक दिस जास्तीचा जाईल, त्याचं मी मागनार नाय.”

तनुजाताईंनी सत्यमकडं पाहिलं. सत्यम भला पोरगा, तो म्हणाला की माझं ड्रोन बोळात शिरतच नाही. तिनं विचार केला अन् सांगितलं, अठरा एकदम देणार नाही. सहा सांडूला. ती दिवाळीपर्यंत झाली पाहिजेत. त्यातलं एक जरी हुकलं तर पुढचं बोलणं नाही. झाली तर बाकीची बारा.

सांडूनं घासाघीस केली नाही. सहा नावांचा कागद मागितला. तिथूनच तो सिटी चौकात गेला, मुख्तारभाईपुढं रुमालाखाली ठरलेले पैसे ठेवले अन् बोली पुरी झाली म्हणाला, बैल आपला. मुख्तारभाईनं नोटा गल्ल्यात टाकल्या, फिल्म कशी झाली ते विचारलं नाही. फक्त म्हणाला, गुडघे भिगे क्या? सांडूनं पँट वर करून खरचटलेला गुडघा दाखवला.

मग आप्पासाहेबांचा स्टुडिओ. दिवाळीपर्यंत तर नाहीच, अन् पुढचा सीझन धरून चालू नका, एवढं त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. आप्पासाहेबांनी लेन्स मागून घेतली, तळहातावर ठेवून वरखाली केली.

“ही? ही तर खेळन्यातली हाय. हिच्यावर तू बावीस वर्षांची नौकरी सोडायलास?”

“व्हय.”

“अन् मंग खांबाला कोन उभं ऱ्हाईल?”

ते तुम्ही बघा, असं सांडू म्हणाला. रागानं नाही. आप्पासाहेबांनी लेन्स परत दिली, अन् लग्नात एक नंबरवाल्याला देतात तसा चहा त्याच्यासाठी मागवला. सांडूनं तो पिला, कारण चहाशी वैर नसतं.

घरी येऊन त्यानं कागद कौसाबाईपुढं ठेवला. तिनं वाचून बघितलं अन् सगळ्यात जवळचं ठिकाण आधी करू म्हणाली, माणसाला जरा दम मिळतो. सांडूनं सगळ्यात लांबच्या नावावर बोट ठेवलं, जिथं गाडी जातच नाही अन् पाच कोस चालावं लागतं. तिथलं गवत उघड्या माळावरचं आहे, ते सगळ्यात आधी पिवळं पडेल. जवळची पाच थांबतील, ते थांबणार नाही. त्यानं घड्याळात चारचा गजर लावला, आणि कौसाबाईनं बुटांतला अंतूरचा वाळलेला चिखल दारात आपटून काढला.